विहिरीकडची बाजू

ठेकेदाराच्या तोंडून ते सहज निघून गेलं. मोटरसायकलवर बसल्या बसल्या, एक पाय जमिनीला टेकवून तो म्हणाला, "या खेपेला धाकट्याच्या हातच्या विटा द्या बुवा. त्या जरा खणखणीत वाजतात."

थोरला समोरच उभा होता, हातात राखेचं घमेलं घेऊन. माती एक, पाणी एक, साचा एक, भट्टी एक. भट्टी रचायची, पेटवायची, जाळ राखायचा तो थोरल्यानं. धाकटा काय, विटांच्या मातीचा गारा तुडवायचा आणि विटा थापायचा. मग विटा धाकट्याच्या कशा झाल्या? ठेकेदार धूळ उडवत गेल्यावर त्यानं घमेलं खाली ठेवलं, थप्पीतली एक वीट उचलली आणि दुसरीवर आपटून पाहिली. वाजली, खणखणीत वाजली. त्याला त्या विटेचाही राग आला.

दुपारी जेवायला बसल्यावर त्यानं ताट पुढे सरकवलं. "आई, आम्हाला वेगळं करून दे."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून भट्टीचा कारभार तिच्याच शब्दावर चालायचा. तिनं थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. धाकटा घास हातात धरून तसाच थांबला होता. त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले होते. वाळून त्यांना भेगा पडल्या होत्या.

"काय झालं दादा?" त्यानं विचारलं.

"काही झालं नाही. तुझ्या हातच्या विटा तू विक. माझ्या मी विकतो."

धाकट्याला कळलं. ठेकेदार बोलला तेव्हा तो विहिरीवर होता, पण वारा त्याच्याच बाजूला वाहत होता. त्यानं घास तोंडात घातला आणि खाली मान घालून चावत राहिला. नाही म्हणाला नाही. थोरल्याला तेच जास्त लागलं. एकदा तरी म्हणायचं, दादा, असं नको.

म्हातारी म्हणाली, "ठीक आहे. लहानपणी तुम्हाला मिळून एक फळ दिलं तर मी काय करायचे? एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. तसंच करा. थोरला रेघ मारेल, धाकटा बाजू निवडेल. नंतर कुणी कुरकुर करायची नाही."

जागा लांबट होती. एका टोकाला रस्ता आणि विटा वाळवायचं मोकळं मैदान. दुसऱ्या टोकाला विहीर, तिच्यावर झुकलेलं जुनं झाड आणि मागे मातीचा खड्डा. मधोमध चार खोल्यांचं घर, दोन खोल्यांची तोंडं रस्त्याकडे, उरलेल्या दोन्हींची विहिरीकडे. थोरला चुन्याची फक्की घेऊन दोन दिवस त्या जागेत फिरला. त्याचा जीव विहिरीकडे होता. बापाबरोबर तो तिथेच वाढला होता, पहिली वीट तिथेच थापली होती. पण तसं दाखवलं असतं तर धाकट्यानं तीच बाजू उचलली असती. म्हणून त्यानं रस्त्याकडची बाजू जरा मोठी ठेवली. रस्ता, मैदान, छपरीला जागा. कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं अशी. रेघ मारून झाल्यावर हात झटकत म्हणाला, "उचल."

धाकट्यानं फार वेळ लावला नाही. "मी विहिरीकडे जातो," तो म्हणाला.

थोरल्याच्या हातावरचा चुना घामानं ओला झाला. "नीट विचार कर. रस्ता नाही तिकडे. मागच्या बांधावरून चालत जावं लागेल."

"चालेल."

"टेम्पो येणार नाही."

"दादा, आईनं सांगितलंय ना, मी उचलायचं? मग उचललं."

म्हातारीनं एवढंच जोडलं, की विहिरीचं पाणी दोघांचं. थोरल्याला तिथवर जायला वाट राहील. झालं, वाटणी आटोपली.

*

थोरल्यानं पहिली गोष्ट केली ती भिंत बांधली. स्वतःच्या विटांची, स्वतःच्या हातानं, रेघेवर बोटभरही इकडे तिकडे न सरकता. पाण्यासाठी माणूस जाईल एवढी फट ठेवली. आपल्या अंगानं, जागेच्या कडेला, भिंतीला लागून नवी छपरी घातली, वर पत्रे टाकले. बायको म्हणाली, "एवढी उंच कशाला? आपल्यालाच वारा लागायचा नाही."

"मला तिकडचं दिसायला नको."

दिसायचं बंद झालं, पण ऐकू येऊ लागलं, आणि ते दिसण्याहून वाईट होतं. पहाटे रहाट वाजायचा. नंतर धाकट्याचे पाय गाऱ्यात पडायचे, पचक पचक, एका लयीत. मग साचा पाट्यावर आपटायचा. धाकटी, त्याची बायको, काहीतरी बोलायची, धाकटा हसायचा. थोरला इकडे हात थांबवून ऐकत राहायचा. एवढं काय हसण्यासारखं असतं माणसाला, गारा तुडवताना?

"आज किती थापल्या असतील त्यानं?" तो बायकोला विचारायचा.

"मी काय मोजायला बसलेय?" थोरली म्हणायची. ती घागरी घेऊन त्या फटीतून जायची, धाकटीच्या अंगणातून विहिरीवर आणि परत. खेपेला खेप. धाकटी प्रत्येक वेळी म्हणायची, "या ताई," आणि रहाटाचा दोर स्वतः ओढू लागायची. थोरली घरी येऊन सांगायची, "चांगली आहे हो ती. पण माझ्याच घरच्या विहिरीवर मला कुणी 'या' म्हणतं, तेव्हा पाहुणी झाल्यासारखं वाटतं."

थोरल्यानं आयुष्यभर जाळ सांभाळला होता. गाऱ्याचा हात धाकट्याचा होता. हे इतक्या वर्षांत कधी कुणी बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती. आता त्यानं स्वतः गारा केला. पाय भरून येईपर्यंत तुडवला, पोटऱ्यांत गोळे आले, रात्री बायकोनं गरम पाण्यानं शेकलं. विटा थापल्या, मैदानात ओळीनं मांडल्या. तिसऱ्या दिवशी पाहतो तर प्रत्येक विटेच्या पाठीवर केसासारखी भेग. माती कमी मळली की वाळू कमी पडली, त्याला उमजेना. भिंतीपलीकडे जाऊन विचारायचं म्हणजे नाक कापून हातात दिल्यासारखं. त्यानं त्या विटा मोडून पुन्हा भिजवल्या आणि मनाशी ठरवून टाकलं की दोष हाताचा नाही, जागेचा आहे. चांगली माती तिकडे राहिली. सावली, पाणी, सगळा कस तिकडे गेला. धाकट्यानं बरोबर ओळखून चांगली बाजू उचलली आणि आपल्या पदरात धूळ टाकली.

हे एकदा मनात बसलं, मग तो त्यालाच पाणी घालत राहिला. झाडावर पाखरं ओरडली तरी त्याला वाटे, ती मुद्दाम तिकडच्या फांद्यांवर बसतात.

एका संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "शहरातून किंमत काढणारी माणसं येतात. रीतसर, सर्टिफिकेटवाली. कोर्टात चालतो त्यांचा कागद. आपण बोलावू."

"आणि काय करणार? रेघ तुम्हीच मारलीत ना?"

"मारली. पण मला काय ठाऊक होतं की ती बाजू एवढी भारी आहे? ज्याच्याकडे जास्त निघेल त्यानं दुसऱ्याला भरून द्यायचं. न्यायाची गोष्ट आहे."

थोरली भाजी चिरत होती. विळीवरचा हात थांबला. "आणि आपल्याकडे जास्त निघालं तर?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "निघालंच तर देईन की! लिहून देतो."

दुसऱ्या दिवशी म्हातारीसमोर त्यानं तेच सांगितलं, आणि जरा मोठ्यानं, पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "कुरकुर करायची नाही म्हटलं होतं मी."

"कुरकुर नाही आई. हिशेब आहे."

धाकटा फटीत येऊन उभा राहिला. "येऊ दे दादा ज्याला यायचंय त्याला. जे निघेल ते मला मान्य." आणि वळून गेला. थोरल्याला वाटलं, बघा, किती निश्चिंत आहे. पोट भरलेल्या माणसाला कसली आलीय काळजी!

*

किंमत काढायला बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल, खांद्यावर पिशवी. थोरल्यानं पुरुष येईल असं धरलं होतं. त्यानं त्यांच्यामागे कुणी येतंय का ते रस्त्यावर पाहिलं. कुणी नव्हतं.

थोरलीनं चहा पुढे केला. बाई म्हणाल्या, "काम झाल्यावर. मी दोघांची आहे. एकाकडे चहा घेतला की दुसऱ्याला तो कडू लागतो."

थोरलीला त्या आवडल्या. तिनं विचारलं, "बाई, तुम्हाला लोक बोलावतात तरी कशाला? आपल्या जागेची किंमत आपल्याला कळत नाही होय?"

"कळते ना. पण ज्याची जागा त्याला जिवाची किंमत कळते, बाजाराची नाही." बाई टेप सोडवता सोडवता बोलत होत्या. "विकणाऱ्याला जास्त वाटते, घेणाऱ्याला कमी. बँक दोघांवरही भरवसा ठेवत नाही. कुणाचं गोदाम जळतं, मग विमेवाले विचारतात की होतं काय आणि उरलं काय. नवराबायको वेगळे होतात. बाप जातो आणि मुलांना वाटून घ्यायचं असतं. अशा वेळी त्या जागेत ज्याचा जीव अडकलेला नाही असा माणूस लागतो. म्हणून मी येते." मग भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "फक्त लोक बहुतेक रेघ मारायच्या आधी बोलावतात. तुम्ही भिंत बांधून मग बोलावलंत."

थोरला कसनुसा हसला.

टेपचं एक टोक त्यांनी थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. कित्येक दिवसांनी दोघे भाऊ एका गोष्टीला धरून उभे होते. टेप ताणला की धाकट्याचा हिसका थोरल्याच्या मनगटाला कळायचा. बाई आकडे लिहून घेत होत्या. रस्त्याची रुंदी विचारली. गेल्या वर्ष-दोन वर्षांत आसपास कुणी जागा विकली का, कितीला विकली, रोख की उधार, घाईत की सावकाश, ते विचारलं. घराच्या भिंती ठोकून पाहिल्या, पत्र्यांवर चढून वाकून पाहिलं. थोरला मागे मागे राहून तिकडच्या बाजूची तारीफ त्यांच्या कानावर घालत होता.

"विहीर बघा बाई. बारा महिने पाणी. झाड बघा, दिवसभर सावली. आणि मागची माती! तिच्यासारखी माती पंचक्रोशीत नाही."

"बघते," बाई म्हणायच्या.

विहिरीत त्यांनी दोरी सोडून पाणी मोजलं. मग पिशवीतून एक लोखंडी गज काढला आणि विहिरीमागच्या सपाट जागेत ठोकू लागल्या. पहिल्या ठिकाणी गज थोडा गेला आणि अडला. पुढे चार पावलांवर ठोकला, तर लोण्यात सुरी जावी तसा सरसर आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळी राख लागली होती.

"इथे काय होतं?"

धाकटा म्हणाला, "मला आठवतंय तसं सपाटच आहे."

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. त्याला आठवलं. तो पोरगेला असताना बाप तिथून माती काढायचा. खड्डे पडत गेले, बाप भट्टीची राख आणि फुटक्या विटा त्यात लोटत गेला. धाकटा तेव्हा पाळण्यात होता.

"जुने खड्डे आहेत," थोरला म्हणाला. "राखेनं भरलेले."

"कुठवर?"

त्यानं हातानं दाखवलं. हात बराच लांबवर फिरला. फिरता फिरता त्याचं त्यालाच कळत गेलं की विहिरीमागची जवळजवळ सगळी जागा पोकळ आहे. बाईंनी ठिकठिकाणी गज ठोकून खात्री केली आणि लिहून घेतलं.

*

चार-सहा दिवसांनी बाई कागद घेऊन परत आल्या. म्हातारीला ऐकू यावं म्हणून अंगणात तिच्या शेजारीच बसल्या. दोघे भाऊ उभे होते, दोघी जावा दारात.

"सरळ सांगते," बाई म्हणाल्या. "सगळी जागा मिळून शंभर रुपयांची धरली, तर रस्त्याकडच्या बाजूची किंमत साठाच्या वर जाते. विहिरीकडची चाळिसाच्या आत."

थोरल्याला वाटलं, बाईंनी नावं उलटी वाचली. "बाई, मी रस्त्याकडचा."

"ठाऊक आहे मला."

"पण विहीर?"

"पाणी दोघांचं आहे असं तुम्हीच सांगितलंत. दोघांचं पाणी एकाच्या पदरात कसं धरू? रस्ता मात्र तुमच्या एकट्याचा. मागे राखेचे खड्डे, तिथे खोली बांधायची तर पाया खोदता खोदता माणूस विकला जाईल. माती चांगली आहे, पण थोडी उरलीय. झाडाच्या सावलीला बाजारात भाव नाही. मला असता तर मी लावला असता."

पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. थोरलीनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की रडू, ते तिलाच ठाऊक. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडतात, ते थोरल्याला त्या दिवशी समजलं. आणि गंमत अशी, की आपल्याला जास्त मिळालंय हे ऐकून त्याला तसूभर आनंद झाला नाही. त्याला इतके दिवस जी बाजू हवी होती, ती भिकार निघाली होती, आणि तरी त्याला तीच हवी होती.

म्हातारी म्हणाली, "लिहून देतो म्हणाला होतास."

"दादानं काही द्यायला नको," धाकटा घाईनं म्हणाला.

"का नको? तू कोण मला सोडणारा?" थोरला उसळला. "तुला ठाऊक होतं! मुद्दाम हलकी बाजू उचललीस. मोठेपणा मिरवायला!"

धाकटा गोंधळला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "मोठेपणा कसला, दादा? मला वाटलं भारी बाजू तीच आहे. रेघ मारताना तू सारखा तिकडे बघत होतास. पुन्हा पुन्हा. तोंडानं रस्त्याचं कौतुक आणि डोळे विहिरीवर. मी म्हटलं, दादाचा डोळा जिथे, माल तिथे. म्हणून उचललं."

"म्हणजे माझ्या हातचं काढून घ्यायला?"

"हो." तो खाली बघत म्हणाला. "बाबांनी जाळ तुला शिकवला. मी मागे लागलो तर म्हणायचे, तू चिखलातच बरा. आजवर जे चांगलं ते तुझ्या हातात बघत आलोय. एकदा वाटलं, आधी मी उचलावं."

आपण एकटेच जळतोय असं थोरला समजून होता. पलीकडेही तेवढीच धग होती आणि त्याला वास सुद्धा आला नव्हता.

बाईंनी चहा मागितला. आता चालेल, म्हणाल्या. पैसे देणं जड जाणार असेल तर एक तोड आहे: रस्त्यापासून विहिरीपर्यंत कडेनं टेम्पो जाईल एवढी पट्टी धाकट्याला द्यायची, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीला येतील. त्यांनी कागदावर ती आखून दाखवली. पट्टी थोरल्याच्या नव्या छपरीच्या बरोबर पोटातून जात होती.

*

छपरी थोरल्यानं स्वतः पाडली. गडी लावला नाही. पत्रे उतरवले, वासे काढले, भिंतीचा तेवढा तुकडा पहारीनं सुटा केला. धाकटा मदतीला आला तर म्हणाला, "जागा तुझी झाली. विटा माझ्या आहेत. हात लावू नकोस." रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलंही, "काय हो, कालच बांधली आणि आज पाडताय?" थोरला म्हणाला, "हवा येत नव्हती."

त्या पट्टीवरून धाकट्याच्या दारात पहिला टेम्पो गेला तो कोळशाचा. धाकट्याच्या कच्च्या विटा वाळून तयार होत्या. त्यानं विहिरीच्या अलीकडे, घट्ट जमिनीवर भट्टी रचायला घेतली. आयुष्यातली पहिली स्वतःची भट्टी. थोरला आपल्या अंगणातून पाडलेल्या जागेतून बघायचा. आता भिंत आडवी नव्हती. थर बरे लागले होते. कोळसा जरा सढळ हातानं पडला होता. बोलावल्याशिवाय सांगणार नाही, त्यानं ठरवलं होतं.

पेटवल्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, धाकटा आला. पापण्या धुरानं सुजल्या होत्या. "दादा, जरा धूर बघून जातोस?"

थोरला गेला. भट्टीभोवती एक फेरी मारली. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि त्या अंगाची जाळाची तोंडं त्याच्याकडे आ वासून उघडी होती. धूर पांढऱ्याचा निळसर झाला होता. म्हणजे ओल गेली होती. आता वाऱ्याकडची तोंडं लिंपली नाहीत तर जाळ त्या अंगाला धावेल, विटा वितळून एकमेकींना चिकटतील आणि दुसरं अंग कच्चं राहील. थोरल्याला हे दिसत होतं, जसं वाचणाऱ्याला अक्षर दिसतं.

तो धुराकडे बघत उभा राहिला. मनात आलं, 'छान चाललंय' म्हणावं आणि घरी जावं. दोन शब्दांचं काम. मग ठेकेदार येईल, विटा आपटून बघेल. मग कळेल, विटा कुणाच्या हातच्या होत्या. ही चव त्यानं तोंडात घोळवली, चांगली होती. गिळायला मात्र ती जाईना. बाप असता तर एव्हाना मागून टपली बसली असती.

"वाऱ्याकडची सगळी तोंडं आत्ता लिंपून टाक," तो म्हणाला. "थांबू नकोस. विटा लाव आणि चिखल मार."

"आत्ता? इतक्या लवकर?"

"आत्ता."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे काहीतरी शोधत होते. "बरं," तो म्हणाला.

थोरला घरी आला. बायकोला म्हणाला, "सांगितलं त्याला." आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

*

भट्टी थंड व्हायला आठवडा लागला. उघडायच्या दिवशी पलीकडून आवाज आला नाही. ना बोलणं, ना हसणं. थोरली घागर घेऊन गेली आणि रिकामीच परत आली. "अहो, जरा जा तिकडे. धाकटे भाऊजी खाली बसलेत."

थोरला गेला. वाऱ्याकडचं अंग वितळून एकच काळा, काचेसारखा गोळा झाला होता. पलीकडचं अंग पिवळट, बोटानं भुगा होईल असं. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. थोरल्यानं वाकून, आपल्या अंगणातून न दिसणारी ती तोंडं पाहिली. चिखल कुठेच नव्हता. एकही तोंड लिंपलेलं नव्हतं.

"मी सांगितलं होतं ना तुला?"

धाकट्यानं मान वर केली नाही. राखेत बसून तो एका काटकीनं रेघा ओढत होता. "मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला. मग सगळं एकदम बाहेर पडलं. "मला वाटलं तू जाळ कोंडायला सांगतोयस. विटा कच्च्या राहाव्यात म्हणून. चिखल कालवून ठेवला होता, दादा. हात नाही धजला."

थोरल्याच्या मस्तकात कळ गेली. आयुष्यात एकदा, सगळं मन मारून, खरं सांगितलं होतं. आणि ते असं मातीत गेलं. त्यानं तोंड उघडलं. मग त्याला ती भट्टीपुढची आपलीच दोन मिनिटं आठवली, तोंडात घोळवलेले दोन शब्द आठवले. धाकट्यानं ते त्याच्या चेहऱ्यावर वाचले असतील. डोळे वाचायला तो पहिल्यापासूनच शिकला होता.

"मीही लिंपलं नसतं," थोरला म्हणाला. "तुझ्या जागी असतो तर."

तो घरी गेला आणि घण घेऊन आला. वितळलेला गोळा फोडल्याशिवाय जागा मोकळी होणार नव्हती. पहिला घाव त्यानं घातला. ठिणग्या उडाल्या, खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. धाकटा उठला, पहार घेतली आणि भेगेत घालून रेटू लागला. दुपारपर्यंत दोघे घामानं निथळत होते. कामाचंच तेवढं बोलत होते. धर. सोड. मागे हो.

मधला भाग उघडा पडला तेव्हा थोरला थांबला. दोन्ही अंगांच्या मध्ये, जिथे जाळ ना कमी ना जास्त पोचला होता, तिथे थोड्या विटा राहिल्या होत्या. त्यानं एक उचलली, सदऱ्याला पुसली. लाल होती, पण नुसती लाल नाही; आतून उजेड असावा अशी. कडा सुरीनं कापल्यासारख्या, अंगावर एक भेग नाही. दुसरीवर आपटली. तो आवाज त्यानं आजवर आपल्या कुठल्याच भट्टीतून ऐकला नव्हता. त्याच्या छातीत तीच जुनी कळ उठली, अगदी जशीच्या तशी.

"कशी आहे?" धाकट्यानं विचारलं. पहारीवर रेलून तो श्वास घेत होता.

थोरल्यानं वीट उलटी केली, सुलटी केली, नखानं खरवडून पाहिली. कुठेतरी काहीतरी सापडावं म्हणून बराच वेळ पाहिली.

"चांगली आहे," तो म्हणाला. आणि ती वीट थप्पीवर ठेवायचं सोडून तशीच हातात धरून उभा राहिला.